कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी : ऊसतोडीतला हा हिशोब नीट समजून घेऊ

एखादा मुकादम, म्हणजे ऊस तोडायला माणसं पुरवणारा, बोलता बोलता म्हणतो, "यंदा माझ्याकडं वीस कोयते आहेत." तर याचा अर्थ त्याच्या घरात वीस कोयते रचून ठेवलेत असा नाही, त्याच्या टोळीत ऊस तोडणाऱ्या वीस जोड्या आहेत, म्हणजे चाळीस माणसं. ऊसतोडीच्या धंद्यात कोयता हे हत्याराचं नाव आहेच पण त्याहून जास्त ते माणसं मोजायचं माप आहे. एक कोयता म्हणजे एक जोडी, आणि जोडी म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायको. एकटा माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांमधे जो कोयता वाचायला मिळतो त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि आमच्याकडच्या लोकांना त्या बातम्या वाचून वाईट वाटतं कारण हा शब्द लाखो घरांची भाकरी आहे.

हा शब्द चालतो कुठं? बीड जिल्ह्यात तर घराघरात, आष्टी पाटोदा शिरूर कासार केज धारूर वडवणी गेवराई, कुठल्याही तालुक्यात जा. मग शेजारचे पाथर्डी, शेवगाव, पुढं जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नांदेडचा काही भाग, सांगलीतला जत, खानदेशात जळगाव धुळे नंदुरबार. हा सगळा कमी पावसाचा नाहीतर डोंगराळ पट्टा, शेती एका पिकाची, विहिरीला दिवाळीनंतर पाणी नाही. आणि जिथं हे लोक जातात तो सगळा पाण्याचा पट्टा, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नगरचा उत्तरेकडचा भाग, सीमेपलीकडं बेळगाव, बागलकोट. नंदुरबार धुळ्याकडचे आदिवासी मजूर दक्षिण गुजरातेत बारडोली सुरतकडच्या कारखान्यांना जातात, तिकडं पण हिशोबाला शब्द कोयताच. दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर गावात यायला लागतात आणि मार्च-एप्रिलला कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की लोक परत येतात. मधले पाच-सहा महिने गावात फक्त म्हातारी माणसं आणि काही पोरं.

आता प्रश्न असा की जोडीच का मोजतात, एकेक माणूस का नाही. याचं उत्तर फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या रानात, उभं राहिल्याशिवाय कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऊस जमिनीला घासून तोडावा लागतो. वर थुटूक ठेवलं तर शेतकरी ओरडतो, कारखान्याचा माणूस पण ओरडतो, कारण साखर सगळ्यात जास्त बुडख्याकडं असते आणि बुडखा वर राहिला तर पुढचा खोडवा, म्हणजे त्याच बुडातून पुन्हा येणारा ऊस, पण नीट फुटत नाही. म्हणजे तोडणारा माणूस दिवसभर कंबरेत वाकलेला. डाव्या हातात ऊस धरायचा, उजव्या हातानं बुडात घाव, मग कोयत्यानंच पाचट सोलायचं, शेंडा उडवायचा, जो हिरवा शेंडा निघतो त्याला वाढं म्हणतात, आणि उसाचे दोन तुकडे करून मागं टाकायचे. हे एका माणसानं चालवलं की मागं दुसरा माणूस लागतोच. तो, खरं म्हणजे ती, तोडलेला ऊस गोळा करते, सारखा करते, वाढंच पिळून त्याचा बंध करते आणि मोळी बांधते. मग डोक्यावर चुंबळ ठेवून ती मोळी गाडीपर्यंत न्यायची. मोळी 30-40 किलोची सहज असते. ट्रक भरायला आला की फळी लावतात, बाजूनं तिरकी लाकडी फळी, त्या फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन वर चढायचं आणि वर टाकून उतरायचं, मग पुन्हा दुसरी. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. बरेचदा बाई तोडते पण आणि बांधते पण, आणि पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापून फडात आलेली असते ती वेगळीच.

म्हणजे तोडणं, सोलणं, बांधणं, वाहणं, भरणं ही कामाची साखळी आहे आणि ती एका माणसाला पेलत नाही, निदान दोन लागतात. त्यामुळं कारखान्यानं टन मोजला, टनाचे पैसे जोडीला दिले, जोडीतल्या कोणी किती काम केलं ते बघायची कारखान्याला गरजच पडली नाही. हिशोबाच्या सोयीसाठी हे माप पडलं असं म्हणता येईल. पण या सोयीची किंमत नंतर कोणी मोजली ते पुढं सांगतो.

आधी पैशाची वाट बघू, कारण कोयता हा शब्द सगळ्यात जास्त पैशाच्या बोलण्यात येतो. "यंदा कोयता कितीला?" असं गावात विचारतात त्याचा अर्थ एका जोडीला उचल किती देताय. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. कारखाना वाहतूक ठेकेदाराला, म्हणजे गाडीमालकाला पैसे देतो, गाडीमालक मुकादमाला देतो, मुकादम कोयत्याला देतो. कुठं कारखाना थेट मुकादमाशी करार करतो, पण कोयत्याशी थेट करार जवळजवळ कधीच नाही हे लक्षात ठेवा, सगळं पुढचं त्याच्यावर आहे. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, जून-जुलैमधे पेरणीला पैसे पाहिजेत, पोराची फी आहे, घरात लग्न आहे, दवाखाना आहे, तेव्हा मुकादम दारात येतो. पूर्वी ही रक्कम काही हजारात असायची, आता जोडीला लाखाच्या आसपास आणि चांगल्या दणकट जोडीला त्याच्याही वर जाते. स्टॅम्पपेपरवर सह्या अंगठे होतात, कागद मुकादमाकडं राहतो.

मग हंगाम लागला की टनावर पैसे लागतात. जानेवारी 2024 मधे पुण्यात साखर संघ, म्हणजे साखर कारखान्यांची संघटना, आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांची बैठक होऊन तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, म्हणजे टनाला 273 रुपयांवरून साधारण 366 रुपये. आता जोडीनं दिवसभर राबून दोन टन ऊस तोडून भरून दिला असं धरा. दोन टनाचे 732 रुपये. दोन माणसांत वाटले तर माणशी 366, आणि यात दिवस म्हणजे आठ तासांचा दिवस नाही, पहाटेपासून गाडी भरेपर्यंतचा. हंगामात 120 दिवस भरून काम मिळालं असं समजू, पाऊस, कारखाना बंद, फडातून फडात जाणं, आजारपण हे सगळं वजा जाऊन. मग 240 टन होतात आणि त्याचे 87,840 रुपये. उचल एक लाखाची असेल तर पाच महिने दोघांनी हाडं झिजवून पण बारा हजार अंगावर राहिलेच. या बारा हजाराला म्हणतात बाकी. ही बाकी पुढच्या हंगामाला मुकादमाच्या वहीत पहिल्या ओळीला चढते.

आणि वर अजून खर्ची आहे. पाच महिने जोडी काय खाणार, उचल तर घरीच संपलेली असते. म्हणून मुकादम दर पंधरवड्याला किंवा आठवड्याला बाजाराला थोडे पैसे देतो ती खर्ची, ती पण हिशोबात धरली जाते. आणि खाडा. बाई आजारी पडली, बाळंत झाली, पाळीचं पोट दुखतंय म्हणून एक दिवस फडात नाही आली, तर तो दिवस खाडा, आणि नुसती मजुरी बुडत नाही तर वरून दंड लागतो, कुठं पाचशे कुठं हजार. जोडीतला एक बसला की दुसऱ्याचं काम पण अडतं, म्हणजे खाडा एकाचा आणि नुकसान अख्ख्या कोयत्याचं. हे मी जे सांगतोय ना ते या सगळ्या व्यवहारातलं सगळ्यात जड आहे, कारण आजारपणाची रजा ही गोष्टच या शब्दात बसत नाही.

एक छोटी वरकमाई म्हणजे वाढं. तोडीचं हिरवं वाढं जनावराला चारा म्हणून विकलं जातं, फडावर आजूबाजूचे दूधवाले गोळा होतात, पेंढ्यांवर भाव होतो. कोयत्याच्या हातात रोख पैसा येतो तो बहुतेक वेळा हाच, त्यातून मीठ-मिरची तेल निघतं, आणि गंमत म्हणा किंवा काही म्हणा, पण हा पैसा पुष्कळ ठिकाणी बाईच्या हातात राहतो.

सगळेच काही एका पद्धतीनं काम करत नाहीत. डोकी सेंटर म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक किंवा ट्रॅक्टर भरायचा, वर सांगितलं ते. गाडी सेंटर म्हणजे स्वतःची बैलगाडी, जोडी तोडते आणि गाडीवान स्वतःच गाडी कारखान्यावर नेऊन खाली करतो. टायर म्हणजे टायरची चाकं लावलेली बैलगाडी, ती कारखाना देतो, बैल मजुराचे. अलीकडं छोट्या ट्रॅक्टरला गाडी जोडून चालवतात त्याला लोक जुगाड म्हणतात. गाडीवाल्याला तोडीबरोबर वाहतुकीचे पण पैसे मिळतात म्हणून त्याची कमाई जरा बरी, पण बैलांचा खर्च आणि कारखान्यावर रांगेत ताटकळणं त्याच्याच डोक्यावर, रात्र रात्र गव्हाणीसमोर, म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात त्या जागेसमोर, बैल जुंपलेले उभे असतात. एवढं पुरे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. माप जोडीचं, पण नाव कोणाचं? मुकादमाच्या वहीत, कराराच्या कागदावर, पंधरवड्याच्या बिलात कोयता पुरुषाच्या नावानं चढतो. बायको त्याच्या आत. तिनं फडात त्याच्याइतकं किंवा त्याच्यापेक्षा जास्त काम केलं, मोळी वाहिली, फळी चढली, तरी कागदावर ती मजूर म्हणून कुठंच नाही. उचल त्याच्या हातात आली, तिनं ती बघितली पण नसेल, पण फेडायला ती बांधलेली. आणि ज्या दिवशी ती अपघातात सापडते, ट्रॅक्टर उलटतो, साप चावतो, विहिरीत पाय घसरतो, त्या दिवशी भरपाई मागताना पहिला प्रश्न येतो की ती तिथं कामाला होती याचा पुरावा दाखवा. पुरावा कुठून आणायचा, नाव तर नवऱ्याचं आहे.

या मापाचा दुसरा परिणाम लग्नावर झालाय आणि तो फार वाईट आहे. पोरगा सतरा-अठराचा झाला, अंगानं तोडणीला तयार झाला, पण एकटा आहे म्हणून अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा घेत नाही, घेतलं तर उचल कमी. लग्न झालं की पूर्ण कोयता. मग घरची माणसं काय करणार, दिवाळीच्या आत पोराचं लग्न उरकून टाकतात आणि पोरगी बघतात ती चौदा-पंधराची. पोरीच्या बापाची पण अडचण असते, नवरा-बायको दोघं सहा महिने फडावर जाणार, वयात आलेली पोरगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, तर लग्न लावून दिलेलं बरं. बीड जिल्ह्यात बालविवाह एवढे का होतात असं विचारणाऱ्यांनी हुंड्याच्या आणि अज्ञानाच्या गोष्टी जरूर सांगाव्यात पण या कोयत्याच्या मापाकडं पण बघावं, कायद्याचं पोस्टर शाळेच्या भिंतीवर आहे आणि उचलीचा दर त्या पोस्टरपेक्षा जोरात बोलतो.

आणि जिला नवराच नाही तिचं काय? विधवा, टाकलेली, नवरा दारूत गेलेला. ती एकटी म्हणजे अर्धा कोयता. तिला भावाबरोबर, दिराबरोबर नाहीतर हाताशी आलेल्या पोराबरोबर जोडी लावून जावं लागतं. पोराची शाळा तिथं सुटते. कोणी परका पुरुष जोडीला घेतला तर गाव काय काय बोलतं हे मी लिहायची गरज नाही, आणि फडावर रात्री पालात, म्हणजे कापडाच्या खोपीत, एकटी बाई म्हणजे किती भीती असते ते तिलाच माहीत. या सगळ्यात बायांचं कौतुक करून सोडून द्यायची आपल्याकडं सवय आहे, मला ते कौतुक नको वाटतं, तिला पूर्ण मजुराचं माप पाहिजे.

तिसरी गोष्ट आरोग्याची. 2019 मधे बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनचा विषय देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यात सर्वे झाला, 82,309 ऊसतोड बायांमधे 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे दर सहा बायांमागं एक, आणि त्यात कमी वयाच्या कितीतरी. फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाणी लांबून आणायचं, पाळीत पण मोळी उचलायची, अंगावरून जायला लागलं की दवाखान्यात गेल्यावर पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटली असा सल्ला, आणि मागं खाडा उभा. एक ऑपरेशन केलं की दर महिन्याचे खाडे वाचतील असा हिशोब एखाद्या घरानं केला असेल तर तो हिशोब त्यांना कोणी शिकवला हे आपण विचारायला पाहिजे. त्यानंतर बीडमधे खाजगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. ते बरंच झालं, पण फडावरचा संडास आणि पगारी रजा परवानगीच्या कागदातून येत नाही.

पोरांबद्दल पण थोडं. कोयत्याबरोबर पोरं जातात, बारकी पालाजवळ खेळतात, जरा मोठी झाली की बारक्यांना सांभाळतात, बारा-तेराची झाली की वाढं गोळा करायला लागतात. मधल्या काळात कारखान्यांवर साखरशाळा, म्हणजे या पोरांसाठी हंगामापुरत्या शाळा, चालवल्या गेल्या, नंतर गावातच हंगामी वसतिगृहं असा पर्याय आला, म्हणजे पोरं आजीकडं राहतील आणि जेवणाची सोय शाळा करेल. जिथं शिक्षक जीव लावून करतात तिथं ते फार चांगलं चाललंय, मी बघितलंय. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना पण आहे.

दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. मुकादम हा प्रत्येक वेळी खलनायक नसतो, बरेच मुकादम पूर्वी स्वतः कोयता होते, त्यानं गाडीमालकाकडून वीस-पंचवीस लाख उचललेले असतात आणि पाच कोयते आलेच नाहीत तर ती रक्कम त्याच्या अंगावर. कोल्हापूर सांगलीकडच्या गाडीमालकांना विचारा, टोळी देतो म्हणून पैसे घेतले आणि टोळी आलीच नाही, अशी फसवणूक झालेले कितीतरी सापडतील, जमिनी विकाव्या लागल्यात लोकांना. आणि शेतकरी? त्याचा ऊस वाळत चाललाय, तोड मिळत नाही, तर टोळीला खुशाली, ड्रायव्हरला एन्ट्री असे वरचे पैसे द्यावे लागतात. हे पैसे चुकीचेच. पण साखळीत सगळे एकमेकांच्या नावानं ओरडत असताना एक गोष्ट कोणी विचारत नाही की मजुराशी सरळ करार कारखाना का करत नाही. साखर कारखान्याची, ऊस कारखान्याचा, तोडणीचा प्रोग्राम कारखान्याच्या शेतकी विभागाचा, चिठ्ठी देणारा चिटबॉय कारखान्याचा, मग मजूर तेवढा मुकादमाचा, असं कसं?

याचं कारण उघड आहे. थेट मजूर धरला तर पीएफ, विमा, बाळंतपणाची रजा, अपघाताची भरपाई सगळं दारात येतं. मधे मुकादम आणि कोयता असला की कारखाना म्हणू शकतो आमचा संबंध ठेकेदाराशी. माझं स्पष्ट मत आहे की या मापाचा खरा फायदा तिथं आहे. आणि उचलीचं म्हणाल तर, आगाऊ पैसे देऊन ते फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडं जाऊ न देणं याला 1976 च्या वेठबिगारी विरोधी कायद्यात फार साधं नाव आहे. बाकी राहिली म्हणून मजुराला डांबून ठेवणं, पोराला किंवा बाईला ठेवून घेणं हा गुन्हा आहे, उसनवारीचा वाद म्हणून पोलिसांनी तो परत पाठवायचा नसतो.

लढाया झाल्या नाहीत असं नाही. आमच्याकडं संपाला कोयता बंद म्हणतात, आणि हा शब्द निघाला की कारखानदार चर्चेला येतात कारण तोडलेला ऊस आला नाही तर गव्हाण रिकामी आणि बॉयलर पेटवून काही उपयोग नाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे या नेत्यांनी हाच कोयता बंद करून दर वाढवून घेतले, आजची दरवाढ त्याच वाटेनं येते. गोपीनाथ मुंडेंच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्याला कारखान्यांनी टनामागं 10 रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढीच भर घालायची असं ठरलेलं आहे. फक्त या करारांमधे एक गोष्ट नेहमी अशीच राहते, टनाचा दर वाढतो, मुकादमाचं कमिशन वाढतं, माप मात्र जोडीचं ते जोडीचंच.

हार्वेस्टर आल्यावर हे सगळं आपोआप संपेल असं काही जण म्हणतात. मशीन दिवसाला शंभर टनाच्या आसपास ऊस काढतं हे खरं, पण त्याला सरीतलं अंतर चार-पाच फूट लागतं, मोठा सलग प्लॉट लागतो, वाळलेली जमीन लागते, आडवा पडलेला ऊस त्याला जड जातो, आणि आपल्याकडं अर्धा-एक एकराचे तुकडे कितीतरी. म्हणजे कोयता अजून बरीच वर्षं लागणार आहे, आणि मशीन आल्यावर ज्यांची तोड जाईल त्यांच्या गावात दुसरं काम काय हे पण आत्ताच बघायला पाहिजे.

तोपर्यंत जे हातात आहे ते करू. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगार म्हणून नोंदणी होते आणि ओळखपत्र मिळतं, ते करताना एका घराची एक नोंद करून येऊ नका, नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी करा, तिच्या आधारवर, तिच्या नावानं, तिच्या स्वतःच्या बँक खात्यासह. महिला ऊसतोड कामगारांच्या संघटना कितीतरी दिवस हेच मागतायत. उचल घेताना कागदाची एक झेरॉक्स मागून घ्या, रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहिलीय का ते शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा देऊ नका. पंधरवड्याला किती टन गेले त्या पावत्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, खर्ची किती घेतली ते तारखेसह लिहा, आणि ही वही बाईच्या पिशवीत राहू द्या, तिलाच कुठल्या दिवशी किती मोळ्या वाहिल्या ते बरोबर आठवतं.